सहा महिन्यांची मुदत



संयोजकांच्या पत्रात विषयाबद्दल एवढंच लिहिलं होतं की, पेशीविज्ञानात आणि रेण्वीय जीवशास्त्रात अलीकडे जे मोठं घडलं ते सर्वांना समजेल असं सांगावं. घडलंय पुष्कळ. सगळ्याचा थोडा थोडा प्रसाद वाटण्यापेक्षा एकच गोष्ट नीट सांगावी असं मी ठरवलं, आणि ती कोणती हे ठरवायला मला वेळ लागला नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलेली रोग्याच्या रक्ताची पहिली काच सिकलसेलची होती.

१९८०च्या दशकातली गोष्ट. तपासणी साधी असायची. बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचा थेंब मिसळायचा, वर पातळ काच ठेवायची आणि कडा मेणानं बंद करायच्या. सर त्यासाठी घरातली मेणबत्ती वापरत. बंद झालेल्या थेंबातला प्राणवायू ते रसायन संपवून टाकतं. सुरुवातीला तांबड्या पेशी नेहमीसारख्या दिसतात, गोल आणि मध्ये खोलगट. अर्ध्या तासानं पुन्हा डोळा लावायचा. त्या दिवशी मी डोळा लावला तेव्हा गोल पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या. कुणी विळ्यासारखी वाकलेली, कुणी दोन्ही टोकांना काट्यासारखी ताणलेली.

त्या पेशी दीड-दोन वर्षांच्या एका मुलीच्या होत्या. गडचिरोलीकडच्या एका गावातून आई तिला घेऊन आली होती. सरांनी विचारलं, त्रास कधीपासून? बाई म्हणाली, "सहा महिन्यांची होईपर्यंत काहीच नव्हतं जी हिला. गुटगुटीत होती. मंग एक दिवस हातपाय फुगले." मी काचेत गुंतलो होतो, माझं तिकडे लक्षही नव्हतं. सरांनी मात्र नोंदवही पुढे ओढली, पट्टी घेतली आणि पानाच्या उजव्या कडेला एक नवा रकाना आखला. वर लिहिलं: 'पहिली सूज, वय'. त्या दिवसापासून ते प्रत्येक आईला हा प्रश्न विचारू लागले.

आज मला बोलायचंय ते या रकान्याबद्दल. कारण गेल्या पाऊणशे वर्षांतलं सिकलसेलवरचं सगळ्यात महत्त्वाचं संशोधन एका अर्थी त्या आईच्या वाक्याचाच पाठपुरावा आहे. सहा महिने बाळ ठणठणीत का असतं?

आधी आजाराबद्दल थोडक्यात. १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या, दंतवैद्यक शिकणाऱ्या एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष मुळात पेशीचा नाही, तिच्यातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूचा आहे. एखाद्या रोगाचं मूळ एका रेणूत दाखवता येतं, हे वैद्यकानं तेव्हा प्रथमच पाहिलं. पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी ते प्रथिन तुकड्या-तुकड्यांनी तपासलं. हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं होतं, बाकी सगळं जसंच्या तसं. डीएनएच्या पातळीवर बोलायचं तर सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या पोथीत एका जागी 'ए'चा 'टी' झालेला. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून हा बदल आला तर आपल्याकडे ज्याला लोक 'एसएस पॅटर्न' म्हणतात तो आजार होतो. एकाकडूनच आला तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहकांना मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडलं. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता, त्या जंगलपट्ट्यांत हा बदल का टिकून राहिला याचं उत्तर त्यात आहे.

एका अक्षरानं एवढं काय बिघडतं? इथे जरा थांबू या, कारण पुढचे सगळे उपाय या एका दृश्यातून निघतात.

एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात, अगदी खच्चून भरलेले. निरोगी हिमोग्लोबिन इतक्या गर्दीतही एकमेकांना चिकटत नाही. ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं, पाण्यापासून अंग चोरणारं. हिमोग्लोबिननं प्राणवायू सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक खोबण उघडी पडते. त्या खोबणीत हे व्हॅलिन नेमकं जाऊन बसतं. एक रेणू दुसऱ्यात अडकला, दुसरा तिसऱ्यात, आणि बघता बघता चौदा पदरांचा पीळदार दोर वळला जातो. हे ताठ दोर पेशीला आतून ताणतात. आम्ही काचेवर पाहिला तो विळ्याचा आकार या दोरांचा होता. अशी पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते, मागे रक्त तुंबतं, पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही. रुग्ण ज्याला 'दुखणं उठलं' म्हणतो ते हे. हाडांतून उठणारी ती कळ ज्यानं जवळून पाहिली आहे त्याला तिचं वर्णन नको. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही १०-२० दिवसांत फुटते.

पण यात एक बारकावा आहे. दोर लगेच वळला जात नाही, आधी थोडा वेळ जातो. अमेरिकेत विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिक्टर यांनी १९७०च्या दशकात हा वेळ मोजला. पेशीतल्या सदोष हिमोग्लोबिनची दाटी अगदी थोडी जरी कमी झाली, तरी हा वेळ कितीतरी पटींनी वाढतो. आणि तांबडी पेशी बारीक वाहिनीतून साधारण सेकंदभरात पार होते. दोर वळायच्या आत ती पलीकडे गेली, फुप्फुसात पोचली, तर पुन्हा प्राणवायू मिळून सगळं सुटं होतं. सदोष हिमोग्लोबिन पूर्ण घालवण्याची गरजच नाही, काही क्षण मिळवले की पुरे. हे वाचलं तेव्हा मला फार मोठा दिलासा वाटला होता. अजूनही वाटतो.

आता त्या आईच्या वाक्याकडे. १९४८ मध्ये ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी पाहिलं की, सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फारच कमी सापडतात. गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि तेच बाळाला सांभाळत असावं, असा तर्क त्यांनी मांडला. पॉलिंगच्या गाजलेल्या निबंधाच्या एक वर्ष आधी. पॉलिंगचं नाव विद्यार्थ्यांना पाठ असतं, वॉटसनबाईंचं मी तरी वर्गात कधी ऐकलं नाही.

त्यांचा तर्क बरोबर होता. गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाच्या जागी गॅमा साखळ्या असतात. असं हिमोग्लोबिन प्राणवायू जास्त घट्ट धरतं, म्हणूनच ते आईच्या रक्तातून बाळाकडे प्राणवायू ओढून घेऊ शकतं. गॅमा साखळी त्या दोरात शिरत नाही. उलट दोर वळण्यात ती मोडता घालते. जन्माच्या सुमारास शरीर गॅमा बंद करून बीटा चालू करू लागतं आणि सहा महिन्यांपर्यंत ही अदलाबदल बहुतेक पुरी होते. बाळ गुटगुटीत असतं ते गॅमाच्या जिवावर. गॅमा ओसरलं की हातपाय फुगतात.

गॅमाची जनुकं मात्र कुठे जात नाहीत. अकराव्या गुणसूत्रावर, बीटाच्या शेजारीच, ती आयुष्यभर शाबूत असतात. इथे बसलेल्या प्रत्येकाच्या अस्थिमज्जेत ती आत्ता आहेत, गप्प. त्यांना गप्प कोण करतं?

याचा शोध ज्यांची जनुकं गप्प बसली नाहीत अशा माणसांमुळे लागला. काही कुटुंबांत मोठेपणीही गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर राहतं आणि त्यांना कसलाही त्रास होत नाही, हे १९५०च्या दशकापासून माहीत होतं. त्यात आपल्याकडच्या रुग्णांचाही वाटा आहे, आणि तो मला आवर्जून सांगायचा आहे. मध्य भारतातल्या, ओडिशातल्या आणि सौदी अरेबियाच्या पूर्व भागातल्या सिकलसेल रुग्णांत गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा बरंच जास्त आढळतं, अनेकांत २० टक्क्यांच्या आसपास. त्यांच्या बीटा जनुकाच्या आसपासची अक्षरं वेगळ्या ठेवणीची आहेत आणि शास्त्रज्ञ त्या ठेवणीला अरब-भारतीय असंच नाव देतात. 'प्रमाण जास्त तर आजार कमी' हा धडा जगानं ज्यांच्या रक्तावरून घेतला, त्यांत आपली माणसं होती. पण यावरून 'भारतातला सिकलसेल सौम्यच असतो' असं एक सोयीस्कर मत पसरलं. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी आणि मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी विदर्भातल्या मुलांच्या नोंदी ठेवून ते मत खोडलं. इथलीही पुष्कळ मुलं फार सोसतात.

मग आली २००७-०८ ही वर्षं. लंडनमधल्या एका गटानं आणि सार्डिनिया बेटावर काम करणाऱ्या दुसऱ्या गटानं हजारो माणसांचा डीएनए चाळला. कुणाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन थोडं जास्त, कुणाच्या थोडं कमी, आणि त्याबरोबर डीएनएतलं कुठलं अक्षर बदलतं, हे ते पाहत होते. बोट दुसऱ्या गुणसूत्रावरच्या 'बीसीएल११ए' नावाच्या जनुकावर गेलं. त्याचा हिमोग्लोबिनशी काही संबंध असेल असं तोवर कुणाच्या मनात नव्हतं. २००८च्या अखेरीस बोस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन या विद्यार्थ्यानं सहकाऱ्यांसह दाखवलं की, गॅमा जनुकांचं तोंड दाबून धरणारा तो हाच. २०११ मध्ये सिकलसेल झालेल्या उंदरांत हे जनुक तांबड्या पेशींपुरतं काढून टाकल्यावर उंदीर बरे झाले.

माणसात ते सरळ काढता येत नव्हतं. हेच जनुक मेंदूत लागतं, प्रतिकारशक्तीच्या पेशींतही लागतं. गॅमा मोकळं करायला जाऊन बाकीचं घर पाडायचं का? वाट पुन्हा त्या सार्डिनिया-लंडनच्या अक्षरांनीच दाखवली. ती अक्षरं जनुकाच्या प्रथिन घडवणाऱ्या भागात नव्हतीच, एका आडबाजूला होती. डॅनियल बाउअर आणि ऑर्किन यांनी २०१३ मध्ये उलगडा केला. एका जनुकाला वेगवेगळ्या ऊतींत चालू करणारी वेगवेगळी बटणं असतात, आणि ही अक्षरं म्हणजे फक्त तांबड्या पेशी घडताना वापरलं जाणारं बटण होतं. तेवढंच बटण तोडलं तर मेंदूला धक्का नाही, प्रतिकारशक्तीला धक्का नाही आणि मज्जेत गॅमा मोकळं. मला स्वतःला या सगळ्या कथेतला हा टप्पा सर्वांत सुंदर वाटतो. बिघडलेलं अक्षर आहे तिथेच आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही.

बटण तोडायला कात्री लागते आणि ती तोवर तयार झाली होती. क्रिस्परबद्दल आपण वर्तमानपत्रांत भरपूर वाचलंय, म्हणून थोडक्यात आटोपतो. जिवाणू आपल्यावर हल्ला केलेल्या विषाणूंच्या डीएनएचे तुकडे स्वतःच्या डीएनएत जपून ठेवतात आणि पुन्हा तोच विषाणू आला की तो तुकडा ताडून पाहून त्याला कापतात. विषाणूंविरुद्धचं हे संरक्षण प्रयोगानं प्रथम सिद्ध झालं ते २००७ मध्ये, डॅनिस्को या कंपनीत, दह्याच्या विरजणात वापरल्या जाणाऱ्या जिवाणूंवर. २०१२ मध्ये इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांनी त्यातून हव्या त्या जागी कापणारी कात्री घडवली, आणि २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या व्हिक्टोरिया ग्रे या चार मुलांच्या आईला तिच्याच मूलपेशी, बटण तोडून, परत दिल्या गेल्या. सिकलसेलसाठी क्रिस्पर घेणारी ती अमेरिकेतली पहिली रुग्ण. पुढे ज्या ३१ रुग्णांवर पुरेसा काळ लक्ष ठेवलं गेलं, त्यांपैकी २९ जण सलग किमान वर्षभर एकाही तीव्र दुखण्याशिवाय राहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेनं 'कॅसजेव्ही' या नावानं उपचाराला परवानगी दिली. क्रिस्परवर आधारलेला मान्यता मिळालेला हा जगातला पहिला उपचार.

जाता जाता एक सांगतो. कापण्याऐवजी एकेक अक्षर बदलण्याचं तंत्रही आता हातात आलंय. सिकलसेलमधलं चुकलेलं अक्षर या तंत्रानं मूळ अक्षरात फिरवता येत नाही, पण व्हॅलिनच्या जागी ॲलॅनिन आणता येतं. असं हिमोग्लोबिन असलेली माणसं इंडोनेशियातल्या मकासरमध्ये पूर्वीच सापडली होती. 'हिमोग्लोबिन मकासर' हे त्याचं नाव, आणि त्यानं पेशी विळ्यासारखी होत नाही. २०२१ मध्ये उंदरांवर हा प्रयोग यशस्वी झाला. इथेही उत्तर आधी माणसांत सापडलं, प्रयोगशाळेत नंतर.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मन जड होतं. कॅसजेव्हीच्या उपचारात रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढून संपादित करतात, आणि त्या परत देण्याआधी बुसल्फान नावाचं जालीम औषध देऊन जुनी मज्जा रिकामी करावी लागते. केस जातात, तोंड फोडांनी भरतं, संसर्गाचा धोका वाढतो, पुढे मूल होण्याची शक्यता धोक्यात येते. रुग्णालयात आठवडेच्या आठवडे काढावे लागतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं १८ कोटी रुपयांच्या घरात. पेशीचं रहस्य उलगडल्याचा आनंद आणि हा आकडा एकाच वाक्यात बसवणं मला जमत नाही.

आशेला जागा आहे. रक्ताच्या कर्करोगावरचा कार-टी पेशींचा उपचार परदेशात असाच आवाक्याबाहेरचा होता. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या त्या प्रकारच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि किंमत परदेशातल्या किमतीच्या दहाव्या भागाच्या आसपास आली. सिकलसेलसाठी दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेनं स्वतःची क्रिस्पर पद्धत विकसित केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये बिरसा मुंडांच्या नावानं ती जाहीर झाली आणि ते तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आलं. हे रुग्णांपर्यंत पोचलेलं मला पाहायचं आहे.

पण तोवर? दर पावसाळ्यात, दर थंडीत, पाड्यांवर मुलं जन्माला येतच आहेत. आणि त्या प्रत्येक बाळाला निसर्गानं सहा महिन्यांची मुदत दिलेली आहे. त्या मुदतीत आपण काय करतो?

१९६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका रुग्णालयात मेरिलिन गॅस्टन या शिकाऊ डॉक्टरकडे हात प्रचंड सुजलेलं एक बाळ आलं. कुठे लागल्याची खूण नव्हती. रक्त तपासलं तेव्हा कळलं की बाळाला सिकलसेल आहे आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरलाय. या आजारात प्लीहा लवकर निकामी होऊ लागते, आणि न्यूमोकोकस जंतू अशा लहान मुलांना काही तासांत नेऊ शकतो. बाईंनी पुढे २१५ मुलांवर एक अभ्यास केला. निम्म्यांना रोज दोन वेळा पेनिसिलिन, निम्म्यांना नुसती गोळी. संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला, कारण उरलेल्या मुलांना औषध न देणं हा गुन्हा ठरला असता. निष्कर्ष १९८६ मध्ये छापून आले. सुचवलेलं होतं हे: जन्मतः तपासा आणि चार महिन्यांचं होईपर्यंत पेनिसिलिन सुरू करा. २००६ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी होऊ लागली.

पेनिसिलिन महाग नाही. लस उपलब्ध आहे. मोठ्या मुलांसाठी हायड्रॉक्सियुरिया आहे, तीही गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवूनच काम करते. १९९५ च्या चाचणीत तिनं दुखण्याचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणले होते. अडचण एका जागी आहे, आणि ती गॅमानंच केलेली आहे. नवजात बाळाचं रक्त गर्भातल्या हिमोग्लोबिननं भरलेलं असतं, त्यामुळे गावपातळीवर केली जाणारी विद्राव्यतेची स्वस्त चाचणी या वयात भरवशाची नाही. जे बाळाला वाचवतं तेच आजारही झाकतं. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारं एचपीएलसी यंत्र लागतं. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवायची गरज नाही. टाचेतून घेतलेला थेंब कागदावर वाळवून जिल्ह्याला पाठवता येतो.

१ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं लक्ष्य. मोठंच काम आहे, आणि वाहक जोडप्यांना लग्नाआधी, बाळंतपणाआधी कळावं म्हणून ते हवंच. तरी माझं आग्रहाचं म्हणणं आहे की, सिकलसेलच्या पट्ट्यात, नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत, पहिला थेंब बाळाच्या टाचेचा घेतला जावा. वीस वर्षांच्या तरुणाला त्याचा 'पॅटर्न' सांगणं आणि वीस दिवसांच्या बाळाला पेनिसिलिन सुरू करणं, या दोन कामांचं वजन मला सारखं वाटत नाही.

सरांच्या मागे त्यांची नोंदवही त्यांच्या मुलीनं मला दिली. काल रात्री या भाषणाची तयारी करताना तो रकाना पुन्हा वरपासून खाली वाचला. सात महिने. नऊ महिने. सहा. आठ. अकरा. एके ठिकाणी 'आईला आठवत नाही'. पण त्याच्याही शेजारी, पानाच्या अगदी कडेला, सरांनी पेन्सिलीनं बारीक अक्षरांत आणखी काही लिहिलेलं मला पूर्वी दिसलं नव्हतं. ती तपासायला आणलेल्या मुलांच्या आधीच्या भावंडांची नोंद आहे. त्या भावंडांची काच कधी लावलीच गेली नव्हती. 'एक मुलगा गेला, दहा महिने, ताप.' 'मुलगी, आठ महिने, एका रात्रीचा ताप.' 'मुलगा, सव्वा वर्ष, ताप.' पान उलटलं तरी ती पेन्सिल चालूच आहे.